दहाव्याच्या आधी

मंगळवार, संध्याकाळ. वैराग

काल अण्णांची राख सावडली आणि आज दुपारी युनिटमधून फोन आला. लढाई पेटलीय, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. किरकोळ असो, वार्षिक असो, नाहीतर माझ्यासारखी वडील वारले म्हणून मिळालेली असो. मी 'जी साब' म्हणालो. उद्या सकाळी सोलापुरातून गाडी. दहाव्याला पिंड माझ्याऐवजी चुलते ठेवतील.

आई आत शेंगाची चटणी कुटतेय. माझी सुट्टी संपताना दर वेळी कुटते, तशीच. सुतकात आमच्यात चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी आणून देतात. आणि हिनं शेंगदाणे भाजले. आत्या म्हणाली, "वयनी, सुतक हाय की."

आई हात न थांबवता म्हणाली, "गेलेल्याचं पाळू की. जित्याला मोकळ्या हातानं धाडू व्हय?"

मला रडू का येत नाही? नुसतं ते कुटणं ऐकत बसलोय.

आता ते थांबलं. आईनं डबा आणून बॅगेत ठेवला आणि तिथंच बसून राहिली.

"आता सुट्टी कवा?" हे दर खेपेला अण्णा विचारायचे. आज कुणीच विचारलं नाही.