दुकानाची किल्ली आणि रक्ताची तपासणी

माझ्या आजाराचं नाव कळेपर्यंत मला एक गादी, एक मांजर, घरातले झाडून सगळे लोकरीचे कपडे आणि एक मेव्हणा एवढी किंमत मोजावी लागली. डॉक्टरांची फी वेगळी, पण ती परवडली. ढेकूण असतील म्हणून पत्नीने गादी जाळली, ढेकूण नव्हते. मांजराच्या केसांनी खाज सुटते असं कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मांजर शेजारच्या बटणवालीला दिलं. मांजर गेलं, खाज माझ्याकडेच राहिली. मेव्हण्याचं पुढे येईल.

तर मी, शिलाई मशिनं दुरुस्त करणारा, नुसत्या आवाजावरून मशिनचा बिघाड ओळखतो म्हणून ज्याला सगळी गल्ली ‘कानवाले’ म्हणते तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बळजबरी कोणाची नाही. पत्नीची आहे, पण ती “लिहा एकदाचं आणि आडवे व्हा” इतपतच. यकृत बदलण्याच्या यादीत माझं नाव लागलं आहे. हॉस्पिटलचा फोन कधीही येईल. आला तर घाईत लिहिणं नको, आणि नाहीच आला तर लिहायला मी कुठला असणार?

पाठीमागे लोक काय बोलतात ते मला ऐकू येतं, म्हणून आजाराचा खुलासा इथे लेखी करून ठेवतो. यकृताच्या आत पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. माझ्या त्या नळ्या माझं शरीरच नासवत आहे. बाहेरून कोणी आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, “तुमची प्रतिकारशक्ती चुकून तुमच्याच अंगावर उठलीय.” मी म्हटलं, “म्हणजे वाकडी शिवण उसवायला बसवलेली बाई चांगलीच शिवण उसवत सुटली.” ते म्हणाले, “तसंच समजा. फक्त हिला कामावरून काढता येत नाही.”

हा आजार बहुतेक करून बायकांना होतो. पुरुषाच्या बाबतीत तो लवकर कोणाच्या मनात येत नाही. म्हणून अंगावर पुरळ नाही आणि तळहात-तळपाय मात्र आगीसारखे खाजतात, हे तीन वर्षं साबणावर ढकललं गेलं. थकव्याचं सांगितलं तेव्हा बटणवाली म्हणाली, “बरं झालं. काही न करता दमायला होतं म्हणजे काय, ते एका तरी पुरुषाला कळलं.” नाव सापडलं तेव्हा गोळ्यांना उशीर झाला होता.

आता वाटणी.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली सगळी ठेव पत्नीची. मी कपड्यांच्या कारखान्यात कात्रणं झाडायला लागलो तेव्हा माझ्याकडे चपलाही दुसऱ्याच्या होत्या, आणि त्या दिवसांत हिने मला पसंत केलं. कशाला केलंस असं विचारलं की म्हणते, “तुम्ही कमी बोलायचात तेव्हा.” माझी खाज आपल्या धुण्यामुळे आहे असं समजून तिने तीन वर्षं माझे कपडे गरम पाण्यातून दोनदा काढले. याची भरपाई घराने होत नाही, पण माझ्याकडे घरच आहे.

कलम दोन. कापड मोजायची लाकडी पट्टी, जिने पत्नी माझी पाठ खाजवते, कोणालाही देऊ नये. ती माझी पाठ ओळखते. माझ्याबरोबर गेली तरी चालेल.

कलम तीन. मांजर बटणवालीकडेच राहावं. मी त्याची दोनदा माफी मागितली, त्याने तोंड फिरवलं. त्याचा निर्णय मला मान्य आहे.

कलम चार. मेव्हणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. चार पाहुण्यांसमोर तो मला म्हणाला, “भाऊजी, यकृत काही आपोआप जात नाही हो. कोणाला सांगताय?” मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. एका कारखानदाराने खूश होऊन दिलेली बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, सील जसंच्या तसं. ती मेव्हण्याला द्यावी. सील त्याने चार पाहुण्यांसमोर तपासावं, मग बाटली उघडावी, पण बेताने प्यावी. त्याच्यावर माझा राग आहे, त्याच्या यकृतावर नाही.

कलम पाच. दुकान, गिऱ्हाइकं, पाने, स्क्रूड्रायव्हर, तेलाची कुपी आणि मागची खोली माझ्या मुलीची. तिचा हात माझ्याहून हलका आहे. परंतु एका अटीवर. हा आजार एकाच घरात दोघांना होऊ शकतो, असं मला डॉक्टरांनी सांगितलं आहे. गेले काही महिने जेवताना ती टेबलाखाली तळहात खाजवते. तिला वाटतं मला कळत नाही. पलीकडच्या खोलीत दोरा तुटला तरी मला कळतं. या घरात माझ्या कानाआड आजवर काही झालेलं नाही. विषय काढला की ती म्हणते, “बघू बाबा, गर्दी ओसरू दे.” तेव्हा अट अशी, की तिने या आजारासाठी रक्त तपासून घ्यावं आणि मगच दुकानाची किल्ली तिच्या हाती यावी. तोवर दुकान मेव्हण्याच्या ताब्यात राहावं. मामाचं नाव वाचल्यावर ती त्याच दिवशी दवाखान्यात जाईल, अशी माझी खात्री आहे.

इथपर्यंत लिहून साक्षीदारांना बोलावलं. गल्लीतले डॉक्टर पाचव्या कलमावर थांबले. चष्मा काढून म्हणाले, “यावर सही नका करू. आधी मुलीला आत बोलवा.” पुढे जे झालं ते त्यांच्याच सांगण्यावरून इथे लिहीत आहे.

ती हाताचं तेल पुसत आली, उभ्याने वाचलं.

“मामाला दुकान?”

“तपासणी केलीस तर नाही.”

“केलीय, बाबा.”

“कधी?”

“गेल्या वर्षी. माझ्या यकृताचा तुकडा तुम्हाला द्यायला हॉस्पिटलात गेले होते. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, तुमचा नको, तुम्हालाही तेच आहे.”

 तीच पुढे म्हणाली, “लवकर सापडलंय. गोळ्या लागू पडल्यात. खाज तेवढी मधून मधून येते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“‘माझ्यामुळे तुला झालं’ असं म्हणाला असतात. खरं सांगा, म्हणाला नसतात?”

डॉक्टर म्हणाले, “कोणामुळे होत नाही हे. तसं मनात आणू नका.”

पत्नी दारात उभी होती. “मी वर्षभर दोन पाठी खाजवतेय,” ती म्हणाली, “आणि हे निघालेत किल्ल्या अडवायला.”

सबब कलम पाचमधली अट खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. दुकान मुलीचं, बिनशर्त, आणि माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून. किल्ली दिली. मेव्हण्याला फक्त बाटली. मुलीने गोळ्या चुकवू नयेत आणि पुढच्या तपासणीला मला सोबत न्यावं, एवढी इच्छा आहे. हिला अट समजू नये.

सही: कानवाले

साक्षीदार पहिले, गल्लीतले डॉक्टर: लिहिणारा शुद्धीवर आहे. मुलगी बोलल्यावर थोडा वेळ नव्हता, म्हणून पाणी पाजून मग सही घेतली.

साक्षीदार दुसरी, बटणवाली: माझ्यासमोर सही केली. कानवाले रडत होते, पण अक्षर चांगलं आहे.

दिनांक: वर मारलेल्या शिक्क्याप्रमाणे.

ठिकाण: दुकानामागची खोली, जिथे ती वर्षभर रोज दुपारी माझ्यासमोर बसून माझ्याच आजाराच्या गोळ्या घेत होती आणि मला काहीही ऐकू आलं नाही.