सहा नंबरचा आवाज

किटेंगा, मसाका
६ मे २०२४

अर्ध्या तासाने थोरल्या बाबिर्येताईस,
नाकातोचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आई ठणठणीत आहे. फोनवर बोलायचं म्हटलं की ती शेजारी कान देऊन बसते, आणि तू तरी फोनवर असतेस किती? मीटिंग आहे गं, नंतर करते, की संपलं. म्हणून हे कंपालाच्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतेय. डब्यात तळलेले नाकतोडे आहेत. यंदा दिव्याखाली नुसते ढीग पडले. पंख आणि पाय मी स्वतः काढलेत, तेव्हा लॅबमधल्यांना वाटून मोकळी होऊ नकोस.

तर मुख्य बातमी. तुझ्या विद्यापीठाच्या लॅबची पांढरी गाडी परवा आली. तुझे ते डॉक्टर ओपियो, दाढीवाला किगोझी आणि एक फोन. शेतकऱ्याने फोन करून आपल्या लुगांडात प्रश्न विचारायचा आणि मशीनने लुगांडातच उत्तर द्यायचं, म्हणे. तू तिथे रेकॉर्ड करतेयस तो तुझा आवाज अजून आत घातलेला नाही, सध्या कुठला तरी उसना आहे. म्हातारबा कासुले यांनी विचारलं, माझी कॉफी का वाळतेय? मशीनने ना नमस्कार, ना घरच्यांची चौकशी, एकदम रोगाचं नाव सांगितलं. म्हातारबांनी फोनकडे असं बघितलं की जणू पोराने गुडघे न टेकता बसल्या जागेवरून हात हलवलाय. बाजाराच्या शेडमधले सगळे हसले.

मग डॉक्टर म्हणाले, सकाळी भोंग्यावरून लोकांना बोलावलं ते कुणी? तुला माहीतच आहे, बाजारातल्या खांबावरचा भोंगा नऊ वर्षं माझ्याच ताब्यात आहे. कुणाचं दफन, कुणाची हरवलेली शेळी, लसीचा दिवस, सगळं मीच सांगते. लोकांनी मला पुढे ढकललं. डॉक्टरांनी मला तीन मिनिटं बोलायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. त्यांना लुगांडा धड येत नाही, तरी! किगोझी म्हणाला, तुमच्या आवाजाला आता नंबर मिळेल, नाव नाही, आणि ऐकणारे गुण देतील. निकाल बहिणीकडून कळेल.

तेव्हा कळव बाई. मी काही आशा लावून बसलेली नाही. पण दोनदा स्वप्नात आलं.

लोभ आहे तो आटू देऊ नये.

तुझी
नाकातो


कंपाला
९ जून २०२४

चि. नाकातो हिस, बाबिर्येचे अ. उ. आ.

अर्ध्या तासाचं का होईना थोरलेपण आहे, म्हणून आशीर्वाद देतेय, नाक मुरडू नकोस. डबा पोचला. किगोझीने निम्मा फस्त केला आणि वर विचारतो, तुमची बहीण लग्नाची आहे का? त्याला सांगितलं, तुझ्या आईच्या वयाची आहे ती.

तुला वाटतं मी इथे खुर्चीत बसून हवा खाते. नोव्हेंबरपासून मी एका खोक्याएवढ्या खोलीत कोंडलेली आहे. भिंतींना स्पंज, पंखा बंद, हातात बांगडी नाही, पोट गुरगुरलं तरी वाक्य पुन्हा. केळीवरच्या किडीची वाक्यं, कॉफीची वाक्यं, लसीची वाक्यं, आत्तापर्यंत सात हजार. आधी मीच ती लुगांडात लिहिली, मग मीच वाचली. दोन वाक्यांच्या मध्ये आपण जो हुंकार भरतो ना, तोसुद्धा गिळायचा, कारण तो नको असलेला आवाज म्हणून कापला जातो. सात महिन्यांत मी हुंकार विसरले आहे.

आणि डॉक्टर तुझी ती तीन मिनिटं रोज लावतात. चहाच्या वेळी लावतात, पाहुणे आले की लावतात. परवा नैरोबीचे पाहुणे आले होते, त्यांनाही ऐकवली. मी शेजारी उभी. ते म्हणाले, काय आवाज आहे! मी म्हटलं, हो, माझ्याच बहिणीचा आहे. दुसरं काय म्हणणार?

निकाल विचारतेस. गावोगावच्या दोनशे लोकांना नावं न सांगता आवाज ऐकवले. ठरलं ते असं की माझाच आवाज घ्यायचा. तुझा चांगला आहे, पण दफनाच्या घोषणेसारखा वाटतो असं काहींचं म्हणणं पडलं. मनाला लावून घेऊ नकोस. आणि आईला सोडून तुला कुठे येता आलं असतं?

आईच्या पाया पडते म्हणून सांग. तुझा लोभ माझ्यावर कायम राहो.

तुझी
बाबिर्ये


किटेंगा
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय बाबिर्येताईस, सा. न. वि. वि.

तुझा आवाज किटेंगात येऊन पोचला. सोमवारपासून नंबर सुरू झाला आणि भोंग्यावरून तो सांगायचं काम कुणाकडे, तर माझ्याकडे. नालोंगोची, आपल्या जुळ्यांच्या आईची, थोरली लेक आता फोनमध्ये बसली आहे, तिला काहीही विचारा, असं मी तीनदा सांगितलं. गोड आवाजात सांगितलं. मग घरी येऊन शेंगदाण्याच्या रश्श्याचं भांडं आपटलं.

खोटं कशाला लिहू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुळ्यांच्या बाबतीत एकीला दिलं ते दुसरीला दिलंच पाहिजे, नाहीतर जुळं रागावतं आणि अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाबांनी फ्रॉकचं कापडसुद्धा एकाच ताग्यातलं आणलं. आणि सातवीनंतर बोर्डिंगच्या शाळेत पाठवायची वेळ आली तेव्हा पाठवलं एकीला. त्या वर्षी माझ्या पाठीवर चट्टे उठले होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले खरूज. मला विचारशील तर ती तू होतीस.

आपला आवाज तरी एक होता. अंधारात आई फसायची, शेजारी फसायचे. मला वाटायचं, तू शिकलीस, पगार मिळवलास, कंपालात घर केलंस, पण गळा दोघींना सारखाच मिळालाय, तो काही बाबांना वाटता आला नाही. आता त्यातही तू पहिली.

लोकांचं म्हणशील तर लोक कुरकुरतात. कासुले म्हातारबा म्हणतात, बाई हुशार आहे पण तिला कुठेतरी जायची घाई आहे. हे लिहिताना मला आनंद होतोय, तेही लिहून टाकते.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

नाकातो


किटेंगा
३० सप्टेंबर २०२४

बाबिर्येस,

नमस्कार नंतर.

आज किगोझी आला होता. त्याने अंगणात पाऊल टाकलं आणि पहिलं काय विचारलं? आईंच्या खुब्याचं हाड जुळलं का? आई समोर विळा घेऊन केळीची सुकलेली पानं कापत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग बिचारा घसा खाकरून सगळं बोलला.

सहा नंबर माझा होता. दोनशेपैकी एकशे एकसष्ट लोकांनी सहा नंबरला पहिला ठरवलं. तुझा दोन नंबर होता, आणि सहांत चौथा आला. डॉक्टरांनी मला बोलवायचं पत्र तुझ्या हातात दिलं. तू त्यांना सांगितलंस की आई पडली आहे, खुबा मोडला आहे, नाकातो वर्षभर घराबाहेर पडू शकत नाही.

जित्याजागत्या आईचं हाड मोडलंस तू, बाबिर्ये. जिभेने का होईना. बाबांना तरी फी परवडत नव्हती. तुला काय परवडत नव्हतं?

आईला काही सांगितलेलं नाही. किगोझीला वाफवलेल्या केळ्यांचे मटोके खाऊ घालून पाठवलं. लोभाचं आज काही लिहीत नाही.

नाकातो


कंपाला
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय नाकातो हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. सा. न.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. सहांत चौथा. गुणांचा कागद मीच छापला होता. खाली शेरे होते. दोन नंबरच्या पुढे एका बाईने सांगितलं होतं, ही आपल्यातली वाटत नाही. नाकातो, मला, नालोंगोच्या पोरीला, ही आपल्यातली वाटत नाही! आणि सहा नंबरच्या पुढे, ही बाई थांबते, हिला विचारता येतं.

तोच गळा आहे. मी यंत्रावर दोन्ही आवाजांच्या रेघा एकाखाली एक ठेवून बघितल्या. ओळखू येत नाहीत इतक्या सारख्या. मग मला कमी काय पडलं? मी सात हजार वाक्यं लिहिली, सात महिने पंखा बंद करून बसले, आणि तू भोंग्याचं काम आटोपून, हात पुसत येऊन तीन मिनिटं बोललीस. डॉक्टरांनी तुला बोलवायचं पत्र माझ्याकडे दिलं तेव्हा ते इतके खूश होते, म्हणाले, एकाच घरात दोघी, तुमचं नशीब बघा. माझ्या तोंडातून खुब्याचं हाड केव्हा निघून गेलं ते मलाच कळलं नाही. पुढे मात्र कळत होतं. पुढे रोज कळत होतं, आणि तरी मी गप्प होते.

तुला वाटत असेल, शाळा मिळाली तेव्हा मी आनंदात गेले. बोर्डिंगमध्ये लुगांडा बोललं तर गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. मी ती इतक्यांदा घातली की शेवटी शिकले, भराभर बोलायचं आणि संपवायचं. ही सबब नाही. तुला कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

काल डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी गुणांचा कागद पुन्हा काढून बघितला. मग म्हणाले, वाक्यं तुझीच राहतील, आवाज मात्र बदलायचा, आणि बहिणीला तूच बोलवायचंस. तर बोलावतेय. नोव्हेंबरच्या चार तारखेला ये, तीन आठवडे लागतील, आईला घेऊनच ये. काचेच्या अलीकडे मी बसेन आणि तू चुकलीस की पुन्हा म्हणायला सांगेन. तू फारशी चुकू नयेस असं मला वाटत नाही, हेही कबूल करते.

लोभ ठेव म्हणायचा मला हक्क नाही. उरला असेल तर दे.

बाबिर्ये


किटेंगा
१५ डिसेंबर २०२४

प्रिय बाबिर्येताईस, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं उशिराच कळवतेय. आई अजून तुझ्या लिफ्टच्या गोष्टी सांगतेय. तीन आठवडे तू रात्री उशिरा यायचीस आणि ती तोवर झोपलेली असायची, म्हणून तिला तुझ्यापेक्षा लिफ्ट जास्त आठवते.

माझा आवाज गेल्या सोमवारी सुरू झाला. लोक काय म्हणतात ते लिहिण्यात मला लाज नाही: खूश आहेत. कासुले म्हातारबांनी पहिल्याच फोनला फोनमधल्या बाईच्याच घरच्यांची सगळी चौकशी केली आणि कॉफीचं विचारायचं विसरले. मी माइकसमोर गुडघे टेकून बसले तेव्हा तू काचेमागे हसली होतीस. पण म्हाताऱ्या माणसाशी उभ्याने बोलायचं मला जमत नाही, आणि ते बहुतेक ऐकणाऱ्याला कळतं. चौदाशेव्या वाक्याला तू मला अकरा वेळा पुन्हा म्हणायला लावलंस. ते वाक्य पहिल्यांदाच बरोबर होतं. मला माहीत होतं आणि तुलाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. चार महिने मीही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली.

ऑगस्टमध्ये तुझा आवाज सुरू झाला तेव्हापासून आई रोज दुपारी जेवण झालं की त्या नंबरवर फोन लावायची. रोज एकच प्रश्न, केळीची पानं पिवळी का पडतात? आपल्या केळी हिरव्यागार आहेत. शेजारपाजारच्यांना वाटलं आमच्याकडे मोठा रोग आलाय. तू ते सगळं उत्तर द्यायचीस, ती हसत हसत मध्ये मध्ये हं हं करायची, आणि शेवटी, बरं गं बाळा, जप, म्हणून फोन ठेवायची. सगळ्या गावाला तुझी घाई खुपली, तिला नाही. ती म्हणायची, एवढा वेळ कुठे बोलते ती माझ्याशी?

मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू तिला खरोखरचा फोन केला असतास, आणि तेवढंही तुला मिळालं असतं.

सोमवारी मी मुद्दाम मटोके लवकर वाफवले, तिला जेवायला घातलं आणि समोर बसून राहिले. आवाज बदललाय हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिने नंबर लावला. दोन वाक्यंही झाली नसतील, तिने फोन कानापासून काढला आणि म्हणाली, नाकातो, ही तर तू आहेस. सगळ्या जगात तिला एकटीलाच कळलं. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, मग माझ्या बाबिर्येला कुठे घालवलंत?

मी परसात जाऊन रडले. दोनशेतल्या एकशे एकसष्ट लोकांनी मला निवडलं, आणि जिच्या शेजारी मी सगळं आयुष्य काढलं तिला तुझा तो धावता आवाज हवा. तेव्हापासून तिने फोन लावलेला नाही. दुपारी तो मांडीवर घेऊन बसते आणि माझ्याकडे बघतही नाही.

म्हणून लिहितेय. रोज दुपारी दोन वाजता तू तिला फोन कर. मीटिंग असली तर मीटिंगमधून उठ. काय बोलू असं वाटलं तर केळीच्या पानांचं सांग, तुला पाठ आहे. मी त्या वेळी भोंग्यापाशी जाऊन बसेन. तिला तसं हसताना बघणं मला अजून जमायचं नाही.

लोभ असू दे. हेवा दोघींना पुरून उरेल एवढा आहे.

तुझीच
नाकातो