आई, तीनशे डीपीआय

३ ऑगस्ट २००१, शुक्रवार

आईचा फोटो मी खराब केला. आईचा एकुलता एक फोटो. 

बाबांनी काल ट्रंकेतून काढून दिला होता. पोस्टकार्डाएवढा, काचेच्या छोट्या फ्रेममध्ये. भेड़ाघाट इथल्या नर्मदेकाठच्या एका फोटोवाल्याने १९७० साली काढलेला, लग्नानंतर दोघं फिरायला गेले तेव्हा. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. बाबांनी हा फोटो कधी भिंतीवर लावला नाही, मला दाखवलाही नाही. काल म्हणाले, "सप्टेंबरात मी रिटायर होतो. क्वार्टर सोडून अधारतालच्या घरात जायचं. तिथं पहिले शेवंता जाईल, मग आपण. फोटो मोठा करून आण." शेवंता म्हणजे आई.

मी जुने फोटो दुरुस्त करते त्या दुकानात स्कॅनरवर ठेवला. काचेची चमक येत होती. फोटो ओलीने काचेला चिकटलेला. अशा वेळी काय करायचं हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते — ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा, चमक नंतर घालवता येते. नव्या ऑपरेटरसाठी भिंतीवर कागद लावलाय, त्यावर माझ्याच अक्षरात हे लिहिलंय. तरी मी कोपरा धरला आणि ओढला. का? मला ती हातात हवी होती, काचेशिवाय. बस, इतकंच.

कागद आला, चेहरा काचेवर राहिला. ब्लेडने सोडवायला गेले तर भुगा झाला. साडी आहे, पदर धरलेला हात आहे, अर्धा कान आहे. मधे पांढरा कागद.

४ ऑगस्ट

बाबांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. उरलेला फोटो हातात घेऊन पाहिला आणि चहा ठेवायला उठले.

"तुम्ही कधी बघत होते का हो तो?" मी विचारलं.

"काहून बघायचा? डोळे मिटले का येते ती."

मी म्हटलं, मग मी तयार करून देते. तुम्ही सांगा, मी करते. माझं कामच आहे ते. आठ वर्षं झाली, किती मेलेल्यांना उभं केलंय मी.

बाबांनी विचारलं, "जमते का असं?"

"जमते."

मी पण चेहरा पाहिला होता की, एक मिनिट तरी. पण आठवायला गेले की बुरशीचे डागच आठवतात.

८ ऑगस्ट

उरलेला फोटो सहाशे डीपीआयवर, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके धरून, स्कॅन केला. मूळ फाइल बंद, तिला हात लावायचा नाही. काम कॉपीवर. चेहरा वेगळ्या लेअरवर, म्हणजे बिघडला तरी साडी जशीच्या तशी राहते. हे सगळं मला आता सुचतंय!

नागपूरला पार्वतामावशीला फोन केला. आईची सख्खी धाकटी बहीण. तिच्याकडे आईचा फोटो नाही. "आमच्या घरी कोण काढत होतं व फोटो?" म्हणाली. तिचा स्वतःचा मागवला. फोटोतल्या आईच्या वयाची असतानाचा, महिला मंडळाच्या कार्डावरचा.

१२ ऑगस्ट, रविवार

रविवारी दुकान बंद असतं, किल्ली माझ्याकडे असते. बाबांना घेऊन गेले. पहिल्यांदाच आले. मालकांच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हते, स्टूल ओढून घेतलं.

पहिली फाइल, आई-०१: मावशीचा चेहरा, माझे डोळे. उजेड डावीकडून हवा, कारण साडीवर सावली उजवीकडे आहे — लोक इथेच चुकतात आणि मग मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतं. कडेला दोन पिक्सेलचा फेदर, म्हणजे कड विरघळल्यासारखी दिसते. शेवटी थोडे कण मिसळायचे, जुन्या फोटोत असतात तसे, नाहीतर चेहरा नवा आणि अंग जुनं.

बाबांनी पाहिलं. मग डोळे मिटले.  उघडून म्हणाले, "नाही. ही पार्वता आहे. तिचं कपाळ रुंद होतं. अन् ओठ असे मिटलेले नव्हते कधी."

कपाळ वाढवलं. परत डोळे मिटले. "नाही."

लाइट गेली. यूपीएस चार मिनिटं चालला. मी सेव्ह केलं होतं.

२० ऑगस्ट

आई-०५. नाही.

२५ ऑगस्ट

मी टेम्पोत समोर बसलेल्या बायकांची नाकं बघत असते. आज एकीने विचारलं, "क्या हुआ बेटा, पहचान की हो क्या?" मी पुढच्या चौकात उतरून गेले. तिथून दुकान अर्धा कोस, चालत गेले.

कशातच मन लागत नाही. पेजमेकरमध्ये एका शाळेची स्मरणिका लावतेय, पानं सदुसष्ट झाली. चारच्या पटीत हवीत, हे त्यांना तीनदा सांगितलं. एक पान वाढवा नाहीतर तीन कमी करा. त्यांचे सर म्हणतात, "आप ही कुछ डाल दीजिए." काय टाकू? माझं डोकं?

२९ ऑगस्ट

ग्वारीघाटची एक बाई आली होती. नवरा नाव चालवायचा, गेल्या महिन्यात गेला. फोटो म्हणून फक्त कोणाच्या तरी लग्नातला, त्यात हा मागून चौथा, तोंडासमोर कोणाचा तरी हात. आमचे मालक श्यामसुंदरजी तिला म्हणाले, "कोट-टाई लगा देंगे अम्मा, एकदम साहब लगेंगे." कोट लावायची आमच्याकडे पद्धतच आहे. फाइलमध्ये सहा कोट तयार असतात, मान तेवढी बसवायची. काळा कोट सगळ्यात जास्त चालतो.

मी कोट लावला, तोंडावरचा हात काढला, खालची हनुवटी अंदाजाने केली. त्या माणसाने जन्मात कोट घातला नसेल. बाईने प्रिंट घेतली, कॉलरवरून बोट फिरवलं आणि रडली. "हाँ, यही हैं," म्हणाली.

ती गेल्यावर मी श्यामसुंदरजींना म्हटलं, हनुवटी तर मी बनवलीय. ते म्हणाले, "तो क्या हुआ दीदी? असली देखने कौन आ रहा है?"

मला त्यांचा राग आला. का आला ते सांगता येत नाही.

२ सप्टेंबर, रविवार

आई-०९. बाबा आता स्टुलावर सरावलेत. जोडी जमली आहे आमची! ते सांगतात, मी ओढते. "गाल थोडा भर. एवढा नाही. हं." इतक्या वर्षांत ते आईबद्दल इतकं बोलले नव्हते. तिला पोहायला येत होतं — नर्मदेत उडी मारायची! भाकरी मोठी करायची, तव्याबाहेर जाईल इतकी. फॅक्टरीचा भोंगा झाला की दारात येऊन उभी राहायची, पण बाबा जवळ आले की आत पळायची.

मी माउस सोडून ऐकत बसले. मग ते म्हणाले, "काय करून राहिली? काम कर."

मला हे रविवार आवडायला लागलेत. फोटो मी खराब केला म्हणून मिळालेत, हे पण माहीत आहे.

९ सप्टेंबर, रविवार

आई-१२. "जवळ आलो," म्हणाले!! पहिल्यांदा.

१२ सप्टेंबर

टीव्हीवर दिवसभर तेच, पडणाऱ्या इमारती. दुकानात कोणी काम केलं नाही. मी केलं. दुसरं काय करणार? भुवया.

१६ सप्टेंबर, रविवार

आई-१४ नेली होती, भुवया बदलून. बाबा म्हणाले, "मागच्या रविवारी होती तशी कर. ती बरोबर होती."

चला, निदान पक्कं तरी सांगितलं. नाहीतर "अशी नव्हती, तशी नव्हती" यात मी वेडी होणार. आई-१२ च्या भुवया परत आणल्या. जुनी प्रत पुसत नाही म्हणून हे जमतं. प्रत्येक वेळी नव्या नावाने सेव्ह करायचं, हा माझा नियम आहे.

आज काम लवकर झालं. बाबांनी डोळे मिटले नाहीत, सरळ स्क्रीनकडे बघून सांगत होते. हे जास्त सोपं जातं.

२३ सप्टेंबर, रविवार

आई-१७. स्क्रीनवर छान, कागदावर तोंड काळं पडलं. निळी शाई जास्त झाली. काळा-पांढरा फोटो असला तरी चार रंगांत छापला की असं होतं. ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत, करून परत काढली. मग बरी आली.

एका गोष्टीने मला उगाच अस्वस्थ वाटतं. ही आता कोणासारखीच दिसत नाही — ना मावशीसारखी, ना माझ्यासारखी. तीच असेल मग. आणखी कोण असणार?

२९ सप्टेंबर, शनिवार

बाबा रिटायर झाले. हार, शाल, घड्याळ. भाषणात साहेब म्हणाले, चाळीस वर्षांत दयारामजींनी एकदाही उशीर केला नाही. बाबा घरी येऊन शर्टाची बटणं काढत म्हणाले, "शेवंता असती तर दारात उभी असती." आणि टेबलावर आई-१७ ची प्रिंट पडली होती तिच्याकडे बघितलं. "ओठ जरा उघडा कर," म्हणाले. "दात दिसायला नको. लाजायची ती."

करते. उद्याच करते.

७ ऑक्टोबर, रविवार

आई-२१. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचं काम अंगावर आलंय, सगळ्यांना तोच दिवा, तीच रांगोळी, फक्त नाव बदला. मी चुकून एका किराणावाल्याच्या कार्डावर कुठल्या तरी डॉक्टरचं नाव ठेवलं, छपाईची प्लेट व्हायच्या आधी लक्षात आलं. श्यामसुंदरजी म्हणाले, "दीदी, घर की फोटो पूरी कर लो पहले, फिर आदमी बनोगी." खरंच आहे. घर दसऱ्याला उघडायचं ठरलंय, म्हणजे आपल्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी. एकोणीस दिवस.

१४ ऑक्टोबर, रविवार

झाला!

आई-२३. बाबांनी पाहिला.  मी घाबरले, म्हटलं आता परत नाक बदला म्हणतात. मग त्यांनी स्क्रीनच्या काचेवर हात ठेवला, तिच्या गालावर. "आली," म्हणाले.

मी रडले. बाबा पण. दुकानात त्या सहा कोटांच्या कॉम्प्युटरसमोर बसून दोघं रडलो. मी त्यांना म्हटलं, मला माफ करा, मी ओढायला नको होता. ते म्हणाले, "अवं, त्याच्यात डागच डाग होते. हा चांगला आहे. हा तर त्याच्यापेक्षा चांगला आहे."

अडीच महिन्यांनी पोट भरून जेवले.

१७ ऑक्टोबर

बारा बाय पंधराची प्रिंट काढली. तीनशे डीपीआय, मॅट कागद. चकचकीत कागद काचेला चिकटतो. फ्रेमवाल्याला बजावलं — काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट ठेव, जागा राहू दे. तो म्हणाला, "दीदी, हमको सिखा रही हो?" हो, शिकवतेय.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज घरात गेलो. बाबांनी फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि उंबरा ओलांडला, मागे मी. बाबासाहेब आणि बुद्धांच्या फोटोशेजारी खिळा आधीच ठोकला होता. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, शेजारच्यांना खीर दिली. एक बाई मला म्हणाली, "बिलकुल तुम पर गई हैं." मला इतकं बरं वाटलं की मी तिला दोनदा खीर वाढली.

मावशी आज दीक्षाभूमीवर असते, दरवर्षी. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली.

बाबा संध्याकाळभर खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले होते. मी विचारलं, कसं वाटतं? "आता डोळे मिटले का हीच येते," म्हणाले. किती शांत दिसत होते.

४ नोव्हेंबर, रविवार

मावशी आली. मामाच्या घरची जुनी पेटी आवरताना सापडलं म्हणून एक पाकीट घेऊन आली. आत भेड़ाघाटचा तोच फोटो. आईने तेव्हा बाबांच्या नकळत दुसरी प्रत काढून माहेरी पाठवली होती. डाग नाही, ओल नाही. तोच काठ, पदर धरलेला तोच हात. आणि चेहरा — रुंद तोंड, दात पुढे, फोटोवाल्याकडे बघून खळखळून हसणारी मुलगी. भिंतीवर आहे तिचा हिच्याशी काही संबंध नाही.

मी पाकीट लपवायला हवं होतं. मावशीने ते बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी चष्मा पुसला. फोटो खिडकीच्या उजेडात धरला. भिंतीकडे पाहिलं, परत हातातल्याकडे. मग डोळे मिटले, उघडले आणि फोटो मावशीला परत दिला.

"साडी तर शेवंताची नेसली हिनं," म्हणाले. "पण ही कोण होय?"