सुकाणूवरून दिसायचा तो हात

मुरोसची खाडी,
९ सप्टेंबर

प्रिय विब्रेन, माझ्या म्हाताऱ्या,

मी ठीक आहे, आपली बोट ‘स्क्रिस’ही ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तिकडे घरी माक्कुमला गारठा सुरू झाला असेल. लोकरीची पट्टी बांधत जा, ती कपाटाच्या शोभेसाठी विणलेली नाही. नातवाला पापा दे आणि सांग, आजी अजून समुद्रात पडलेली नाही.

पत्र बघून चक्रावला असशील. फोनवर तू दर वेळी एकच विचारतोस, “स्नेक गावचं ते जोडपं बोट विकत घ्यायला तयार आहे, काय सांगू त्यांना?” आणि मला रेंज गेल्याचं सोंग करावं लागतं. रेंज इथे उत्तम आहे. पत्रात बरं, मध्येच तोडायला तू नसतोस. उत्तर देणार आहे, पण आधी इकडच्या बातम्या ऐक.

मारुशाच्या बेकरीतून मी रोज दोन पाव आणते. तू गेल्यावर सवयीने आणले, मग एकच मागायची लाज वाटायला लागली. परवा भर रांगेत ती म्हणाली, “नवरा कुठाय गं तुझा?”

म्हटलं, “गुडघा दाखवायला गेलाय गावी.”

“जूनपासून? दाखवतोय की नवा उगवतोय?”

रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. दुसरा पाव मी संध्याकाळी पक्ष्यांना घालते. ते इतके माजलेत की शिळा दिला तर तोंड फिरवतात.

शेजारी अजून हम्फ्री आणि पॅमचीच बोट आहे. नांगर टाकताना दोघं तशीच बोंबलतात. “डावीकडे घे!” “कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या?” “अगं, बोटीच्या डावीकडे!” अख्खी खाडी आपापली कामं सोडून तमाशा बघते. आपणही किती हसायचो! आपण पडलो शहाणे. तू पुढच्या टोकाला पाठमोरा उभा, मी मागे सुकाणूवर, तोंडातून शब्द नाही. तुझा हात डावीकडे गेला की मी डावीकडे, तळवा उघडला की इंजिन बंद, बोटाने मागे खूण केलीस की ‘स्क्रिस’ उलटी रेटायची. मग तू साखळीवर अनवाणी पाय ठेवून नांगर रुतला का ते चाचपायचास आणि मूठ वर करायचास. त्यानंतर हाताची बोटं नुसतीच नाचवायचास. त्याचा अर्थ कॉफी टाक.

हे का लिहितेय? तर गुरुवारी एक घोटाळा झाला. घाबरू नकोस, बोटीला ओरखडा नाही.

वारा दक्षिणेला फिरला तसे सगळे पलीकडच्या काठाला सरकायला लागले. मीही नांगर उचलला. उन्हाळाभर बोट हलवलीच नव्हती, तरी सगळं बिनचूक जमलं, मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. पलीकडे चांगली जागा हेरली, बोट वाऱ्यात तोंड करून आणली, वेग कमी केला. आणि सुकाणू धरून उभी राहिले.

उभीच राहिले, विब्रेन. पुढे बघत. मी तुझ्या हाताची वाट बघत होते.

किती वेळ ते सांगता येणार नाही. मला काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. तू खाली वाकून पाण्याची खोली बघत असशील, आता हात वर करशील, असंच होतं डोक्यात. बोट आपली बाजूला वाहत हम्फ्रीच्या अंगावर चालली होती. शेवटी तो किंचाळला, “अहो बाई, झोपलात की काय?” पॅमने कठड्याबाहेर पाय काढून ‘स्क्रिस’ला दूर ढकललं. नवऱ्याला म्हणाली, “ओरडू नकोस रे. ती वाट बघतेय.”

मग पॅम माझ्या बोटीवर आली आणि आम्ही दोघींनी मिळून नांगर टाकला. तिला खुणा कुठल्या येणार, ती ओरडत होती आणि मी रडत होते. नांगर मात्र पहिल्या झटक्यात रुतला. कॉफी मी केली, पण पॅम प्यायला थांबली नाही, हम्फ्रीच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणे. तुझा कप मी तसाच भरून ठेवला होता.

मला इथे फार एकटं वाटतं. फोनवर म्हणते ना, सूर्यास्त काय सुंदर, खेकडे काय स्वस्त, ते खरंच आहे. पण दाखवायला कुणी नाही. जूनमध्ये बसथांब्यावर तू म्हणालास, “मला आता जागच्या जागी राहणाऱ्या गोष्टी बघायच्यात.” मला वाटलं, पंधरा दिवस वाटाण्याचे वाफे बघशील आणि कंटाळून परत येशील. तुला वाटलं असेल, पंधरा दिवसांत ही मागोमाग येईल. दोघंही हट्टी, आणि सोडवायला मध्ये तिसरं कुणी नाही.

तर उत्तर. त्या जोडप्याला हो म्हण.

पण बोट इथे येऊन घेऊन जा, असं म्हणू नकोस. तिला आपण माक्कुमला आणू. ज्या पक्ष्याचं नाव तिला दिलं तो दर वसंतात आपल्या कुरणात बरोबर परत येतो, मग तिला मे महिन्यात यायला काय हरकत आहे? ब्रेस्ट बंदरापर्यंतचा भर समुद्रातला मोठा टप्पा हवा बघून करू, पुढे सावकाश, बंदराबंदरात थांबत. गुडघा दुखला तर बसून हात दाखव. पण पुढे बस, मला सुकाणूवरून दिसेल असा.

त्यानंतर वाटाणे तर वाटाणे. पण तू इकडे यायला मे महिन्यापर्यंत थांबू नकोस. बस अजून त्याच थांब्यावर येते, आणि पाव मी दोनच घेते.

हात दिसेपर्यंत सुकाणूवर उभी असलेली,
तुझी
सीत्स्के