हॅनाबाईंच्या झाडूचा दांडा

हाउन्सलो,
२ ऑक्टोबर १९८८

तीर्थस्वरूप पद्माकरभाऊजींना,

उल्काचा (साबणाने तीनदा हात धुऊन) साष्टांग नमस्कार. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुमच्या सोबतीला पुण्याला आलेल्या ह्यांच्या पत्रातून समजलं, जीव भांड्यात पडला. पट्टी सुटली असेल तरच हे पत्र पुढे वाचा. सुटली नसेल तर उशीखाली ठेवा, पण ह्यांच्याकडून वाचून घेऊ नका. ह्यांचा स्वभाव तुम्ही माझ्याआधीपासून ओळखता.

तर, ह्यांची मोटारसायकल. दर रविवारी हे तिला शँपूने न्हाऊ घालतात आणि मला तिच्यापासून चार हात लांब ठेवतात (बायकांच्या हातात हँडल डगमगतं, हा ह्यांचा सिद्धांत). मी ती नुसती पुसायला बाहेर काढली होती. पुसता पुसता ती बस डेपोपुढच्या खड्ड्यापर्यंत कशी गेली ते मलाही नीट सांगता येणार नाही. पण गेली, आणि उजव्या फोर्कमधून तेल गळायला लागलं. फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या नळ्या. तुमच्याकडचे मेकॅनिक त्यांना शॉकअप म्हणतात. आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक ह्यांचा डार्ट्स खेळणारा दोस्त, म्हणजे त्याला सांगणं आणि पुण्याला तार करणं सारखंच. म्हणून लायब्ररीतून पुस्तक आणलं आणि फोर्क काढून स्वयंपाकघरात घेतला.

पुस्तकात लिहिलं होतं, वरचं टोपण सावकाश उघडा, आत स्प्रिंग आहे. मी सावकाशच उघडलं हो! टोपण थेट दिव्याच्या शेडमधून आरपार गेलं. मग तेल तसराळ्यात ओतलं. भाऊजी, ह्या जुन्या तेलाला कुजक्या मासळीचा वास येतो, हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. दहा मिनिटांत शेजारच्या हॅनाबाई रोहेकर दारात हजर. (ह्या आपल्या माझगावच्या, बेने इस्राएल. मराठी माझ्यापेक्षा चोख.)

"काय गं उल्का, बोंबील आणलेस आणि मला हाक नाही?"

तसराळं बघून त्यांचा चेहरा इतका पडला की मी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं.

खरी अडचण पुढेच होती. गळतं रबरी सील बदलायला नळीच्या तळाचा बोल्ट सोडवावा लागतो, पण तो फिरवला की आतली दांडीही त्याच्याबरोबर गरगर फिरते. ती धरून ठेवायला कंपनीचं खास हत्यार लागतं. हॅनाबाई उठल्या, घरून झाडू आणि त्यांच्या नवऱ्याचा, सोलोमनचा, हातोडा घेऊन आल्या. सोलोमन मुंबईला गिरणीत फिटर होते. ते गेल्यापासून चार वर्षं त्यांची हत्यारांची पेटी उघडलेली नव्हती. झाडूचा दांडा विळीवर तासून आम्ही नळीत घातला आणि आतल्या दांडीत घट्ट ठोकला. हॅनाबाई दांड्याला दोन्ही हातांनी लटकल्या, मी बोल्टवर पाना लावून सगळा भार टाकला. तो "कट्" असा सुटला, तशी मी फ्रिजवर आणि हॅनाबाई कणकेच्या डब्यावर. पिठाने माखलेल्या हॅनाबाई एवढ्या हसल्या की पुढे डोळेच पुसत बसल्या. "सोलोमन म्हणाला असता, हळू गं बायो, हळू," एवढंच म्हणाल्या. मग मी पुन्हा चहा टाकला.

नवं रबरी सील बाथरूमच्या उरलेल्या प्लास्टिक पाइपने आणि लाटण्याने ठोकून बसवलं. पहिल्यांदा उलटं बसलं, म्हणजे सगळं पुन्हा उघडणं आलं. (टोपणाला ह्या वेळी हॅनाबाईंनी उशी धरली.) आज तिसरा दिवस, तेलाचा थेंब नाही. वास मात्र आहे.

डोळ्यांना जपा, उन्हात जाऊ नका.

तुमची,
उल्का

ता. क. : ह्यांचं तिकीट २३ तारखेचं आहे ना? तुमचा दुसरा डोळा थोडा दुखायला लागला तर हे आठवडाभर सहज राहतील. २७ला माझी मोटारसायकलची टेस्ट आहे. उन्हाळ्यातला मंगळवारचा शिवणाचा क्लास शिवणाचा नव्हता.

ता. क. २ : हातोडा परत करायला गेले, तर हॅनाबाई माझ्याकडून नेलेलं लायब्ररीचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. म्हणतात, डावा फोर्कही बघून टाकू.

ता. क. ३ : पास झाले तर हीथ्रोवर घ्यायला मीच येईन. तेव्हा ह्यांच्याबरोबर लोणच्याच्या बरण्या देऊ नका. मागे बसताना ह्यांना दोन्ही हात लागतील.