तुमच्या टीव्हीतली राखाडी गाडी

उस्ताद, काल फोनवर ती मालिका सापडली. मुखवटेवाल्या हिरोची, दोन-अडीच महिन्यांत बंद पडलेली. हिरोला पाहून आता हसू येतं, पण त्याची ती माशासारखे पंख लावलेली गाडी दिसली आणि मी थेट बोरगाव मेघेच्या तुमच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांच्या गॅरेजात वीस वर्षं पत्रा ठोकून तुम्ही नुकताच स्वतःचा बोर्ड लावला होता, आणि पहिलंच मोठं काम आलं ते आंजी गावाहून: तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांपुढे हिरोची गाडी चालली पाहिजे. जमलं तर नाव, फसलं तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली. तुम्ही रविवारी टीव्हीच्या काचेला वीत लावून मापं घ्यायचात आणि सोमवारी जुन्या फियाटवर तसाच पंख उभा करायचात. नकाशा नाही, फोटो नाही. आज माझ्याकडे एवढी माणसं कामाला आहेत, पण तसा हात पुन्हा पाहिला नाही.

मी तेव्हा पंचविशीचा, तोंडाळ. रंगाच्या दिवशी सकाळी आल्या-आल्या म्हणालो, पुट्टी अजून ओली आहे. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही फटकारलंत, "तू ठोकाठोकी पाह्य. रंगातलं तुले काय समजते बे?" आणि राखाडी रंग कालवायला घेतलात.

तान्ह्या पोळ्याला गाडी आंजीत शिरते. तुम्ही स्टिअरिंगवर, मी बाजूला. वर्ध्याहून आलेला एक पाहुणा ओरडतो, "ओ मिस्त्री, ते गाडी लालभडक हाय! आमच्या कलर टीव्हीवर येऊन पाह्यजो!" तुमचा चेहरा उतरतो. तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यात दिसली तशीच तुम्ही रंगवलेली. तेवढ्यात बैल तिथेच टाकून पोरं धावत येतात, "हेच हाय बे! हेच! टीव्हीतली!" आंजीत तरी रंगीत टीव्ही होते कुणाकडे? तुम्ही हॉर्न दाबता आणि पाहुण्याला सांगता, "भाऊ, तुमची लाल तुमच्या घरी ठेवा. इथं हेच चालते." सगळा रस्ता हसतो, पाहुणाही. मालिका लोक विसरले, पण त्या गाडीतून पुढे कितीतरी नवरदेव मिरवले.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. रंगाच्या त्या सकाळी शेडकडे येताना चहाच्या टपरीवर दोघांचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं, की टीव्हीतली ती गाडी लाल आहे. तेच सांगायला आलो होतो. आधी पुट्टीवरून बोलणी खाल्ली आणि गप्प बसलो. उस्ताद, एकदा तरी तुमचं चुकावं, असं मला वाटलं होतं.