करंगळीएवढी धार

बाबा, तुमच्या माघारी घरात गॅसचा गिझर आलाय. दादाने मागच्या वर्षी पुण्याहून येऊन बसवून दिला, न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे तुम्ही कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा रचून ठेवायचात तिथेच. त्याचं सिलिंडर वेगळं आहे, पोटात दोन सेल आहेत, आणि न्हाणीत गरम पाण्याचा नळ सोडला की तो बाहेर आपोआप पेटतो, नळ बंद केला की आपोआप विझतो. काडी नको, फुंकणी नको, डोळ्यांत धूर नको. तुम्हाला तो आवडला नसता. आपोआप म्हणजे कसं, असं तुम्ही विचारलं असतं आणि उत्तर अर्धंही ऐकून घेतलं नसतं. तुम्ही हिवाळ्यात पहाटे उठून मागच्या चुलीवर तांब्याचं गुंड भरून पाणी तापवायचात, प्रत्येकाला एक बादली, आणि त्या चुलीला कधी म्हणावं लागलं नाही की बाई आज तरी लाग.

तर हा आपोआप पेटणारा गिझर दिवाळीनंतर आईच्या हाताने पेटेनासा झाला. म्हणजे कधी पेटायचा, कधी नाही, आणि ते कधी कुठलं हे कुणालाच कळेना. सकाळी मी बाभुळगावला ऑफिसला निघायच्या गडबडीत असते, पोळ्या तव्यावर असतात, आणि फोन वाजतो. "लागला नाही बाई आज." मी गॅस बंद करते, स्कूटर काढते, कानाला थंडी झोंबत असतानाच आईकडे जाते, न्हाणीत शिरून नळ सोडते, आणि बाहेर भक्कन ज्योत पेटते. पाणी इतकं कढत की हात घालवत नाही. आई दारात टॉवेल घेऊन उभी. "तुह्या हातानं लागते. माह्या हातानं नाही लागत. त्याले मी दिसत असन." पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. आंघोळीआधी ती चहा घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गोळ्याही घेत नाही. तेव्हा गिझर लागेपर्यंत घरातलं सगळंच थांबायचं.

मग माझ्या डोक्याला हाच उद्योग लागला. सेल बदलले. सिलिंडर बदललं. नवं सिलिंडर तरी भरलेलं आहे ना म्हणून ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, म्हणून नळीतली जाळी काढून टूथब्रशने घासली. वारा लागून विझत असेल म्हणून बाजूला पत्रा उभा केला. जिना चढून गच्चीवर गेले, टाकीत वाकून पाहिलं. नगरपालिकेचं पाणी येऊन टाकी काठोकाठ भरली की एक-दोन दिवस आईच्या हातानेही गिझर लागायचा, पाणी उतरलं की रुसायचा. मला वाटलं, सापडलं. पण अर्ध्या टाकीवर मी नळ सोडला तरी तो बिनतक्रार पेटला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आतलं सगळं उघडून पुसलं आणि पुन्हा पुन्हा चालू-बंद करून दाखवलं. "ताई, मशीन एकदम ओके हाये. आजीच्या हातानंच नाही लागत म्हणता, तं मी काय करू सांगा." तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मला ऑफिसात बसल्या बसल्या त्या गिझरचं पांढरं तोंड दिसायला लागलं. कुणी काही विचारलं की मी अंगावर जायची.

खरी भीती गिझरची नव्हती. दादाची होती. दादाची भाषा आता पुण्याची झाली आहे, आणि काळजीसुद्धा. तो फोनवर म्हणाला, "अगं, दुरुस्तीवाल्याच्या हाताने लागतो, तुझ्या हाताने लागतो, आणि तिच्या हाताने लागत नाही, याचा अर्थ तुला कळत नाही का? ती नळच सोडत नसेल. किंवा सोडायचं विसरून बसत असेल. या वयात होतं असं." मी म्हटलं, तसं नाही. तो म्हणाला, मग कसं आहे ते सांग. मी सेल, जाळी, टाकी सांगत सुटले. तो शनिवारी येतो म्हणाला. तिला पुण्याला नेणार, कायमचं. चौदाव्या मजल्यावर, जिथे ती खिडकीजवळ जायला घाबरते आणि जिथे तिच्याशी वऱ्हाडीत बोलायला कुणी नाही. मी आईला सांगितलं. त्या दिवशी मला फोन न करता तिने थंड पाण्यानेच आंघोळ उरकली आणि संध्याकाळपर्यंत खोकत राहिली. मी रागावले तर म्हणाली, "असन बावा. माह्याच डोक्यात काही झालं असन. तुम्ही सगळे काही खोटं नाही बोलून राह्यले."

बाबा, आई स्वतःवर संशय घेते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिने तुमच्यावर घेतला, शेजारणीवर घेतला, दुधात पाणी घालतो म्हणून गवळ्यावर तर रोज घेतला. स्वतःवर कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच तिच्याकडे जाऊन ठाण मांडलं. म्हटलं, तू रोज करते तशीच आंघोळीला बस, मी बाहेर गिझरसमोर उभी राहते. तिने दार लोटून घेतलं. मी भिंतीशी उभी. आत बादली सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मी ओरडले, "नळ सोडला का?" "सोडला ना." गिझर ढिम्म. कान देऊन ऐकलं तेव्हा बादलीत पाणी पडत होतं, पण किती बारीक. मी दार ढकलून आत गेले. आई पाटावर बसलेली, हात नळावर, आणि नळातून धार येत होती करंगळीएवढी. मी पुढे होऊन नळ पूर्ण फिरवला. बाहेर भक्कन पेटलं. आणि त्याच क्षणी आईच्या हाताने नळ परत मागे फिरवला, तिच्याही नकळत, जसं आपण अंगावरची माशी हाकलतो. धार बारीक झाली आणि बाहेर ज्योत विझली.

या गिझरला पेटायला पाण्याचा जोर लागतो, एवढंच होतं. धार बारीक असली की त्याला कळतच नाही की कुणी नळ सोडला आहे. टाकी काठोकाठ असली की तिच्या धारेलाही थोडा जोर यायचा, म्हणून कधी कधी लागायचा. मी ओल्या फरशीवर तशीच बसले आणि हसायला लागले. आई म्हणाली, "काय झालं वं?" आणि मग हसता हसता मला तुमचा इतका राग आला की काय सांगू.

कारण ती धार तुमची आहे. दारव्ह्याच्या क्वार्टरमध्ये मी शाळेतून येऊन नळ मोकळा सोडून पाय धूत होते. तुम्ही आलात, एक शब्द न बोलता नळ बंद केलात, मग पुन्हा जरासा सोडलात आणि त्या धारेशेजारी आपली करंगळी धरलीत. "एवढी. याच्यावर नाही." मी म्हणाले, बाबा, आज तर नळाला पाणी आहे ना. तुम्ही म्हणालात, "आज हाये म्हणूनच सांगून राह्यलो. नसन तवा काय सांगू?" आणि पायाला साबण तसाच ठेवून मला उन्हात उभं केलंत. तेव्हापासून आपल्या घरात कुठलाही नळ करंगळीच्या वर गेला नाही. तुमच्या कचेरीत मी डबा घेऊन यायची, तेव्हा जेवण झाल्यावर तुम्ही डब्यात घोटभर पाणी ओतून, फिरवून, ते पिऊन टाकायचात. टेबलाटेबलावरचे लोक हसायचे आणि मी शरमेने खिडकीबाहेर बघत बसायची. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या घरी आलात तेव्हा सगळे बाप मिठाई आणतात. तुम्ही खिशातून नळाचे वायसर काढलेत. स्वयंपाकघरातल्या गळत्या नळाला बसवून, थेंब पडत नाही याची खात्री करूनच चहा प्यायलात. माझ्या सासूने ते वर्षभर सगळ्यांना सांगितलं. त्यांना त्याचं कौतुक वाटायचं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

यवतमाळात पाण्याची काय दशा होते ते मला सांगायला नको. मीही टँकरमागे बादली घेऊन धावले आहे. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. पण तुम्ही माणसाच्या हातात इतकं भिनवून ठेवता की तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी तो हात स्वतःला गरम पाणीसुद्धा घेऊ देत नाही, हे काय आहे? आणि त्यापायी तिचा मुलगा तिला वेडी ठरवतो. दोन दिवस मी तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही. देव्हाऱ्याजवळून जाताना मुद्दाम मान वळवून गेले. हे तुमच्या लक्षात आलं असेल तर बरं.

मी आईला समजावलं. नळ पूर्ण सोडायचा. पाणी वाया जात नाही, बादलीतच पडतं, तेवढंच पडतं, लवकर भरतं एवढंच. तिला सगळं पटलं. "हो वं, बरोबर हाये तुहं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धार. मी बाहेरून ओरडते, "आई, पुरा सोड." ती जरासा फिरवते, थांबते. दादाला फोनवर सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे सांगूनही तिला जमत नाही ना? तेच मी म्हणतोय." शुक्रवार उजाडला तरी गिझर तिच्या हाताने पेटला नव्हता. मी तिच्याजवळ पाटापाशी बसले. ती रडवेली झाली होती. "सोडतो म्हणतो वं मी. पण हात धजत नाही. इतका आवाज करते तो नळ. वाटते, आतून आवाज देतीन ते." आत, म्हणजे तुमच्या खोलीत. तिथे आता पापडांचे डबे आहेत.

तेव्हा मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही. म्हणाले, "आई, बाबांनी एक सांगतलं होतं तुले सांगाले. राहूनच गेलं." "काय?" "दवाखान्यात म्हणले, तिले म्हणावं आता नळ पुरा सोडत जाय. लय दिवस काटकसर केली तिनं." आईने माझ्याकडे पाहिलं. "कधी म्हणले?" "तू खाली चहा घ्याले गेलती, तवा." "असं म्हणले?" "हो." मग तिने पुढे झुकून नळ धरला आणि फिरवला, फिरवला, शेवटपर्यंत. बाहेर ज्योत पेटली. बादली बघता बघता भरली, न्हाणीभर वाफ झाली, आणि आईने तांब्या बुडवून पहिल्यांदा खांद्यावर पाणी घेतलं तेव्हा तिच्या तोंडून एक 'हा' निघाला, जो मी लहानपणी तुमच्या आंघोळीच्या वेळी ऐकायची.

शनिवारी दादा आला. तिने त्याच्यासमोर जाऊन नळ सोडला. तो गिझरपाशी उभा राहून म्हणाला, "चालतोय की." दुपारी ती त्याच्याशी गवळ्यावरून भांडली, आपली बाजू नीट मांडून, आणि पुण्याचा विषय आपसूक मागे पडला. उन्हाळ्यात चार दिवस ये म्हणाला. तिचं सामान न्यायला आणलेली मोठी बॅग तिने तुरीची डाळ आणि ज्वारीच्या लाह्या भरून त्याला परत दिली. माझा जीव भांड्यात पडला. आता मला सकाळी फोन येत नाही, माझ्या पोळ्या करपत नाहीत, आणि तरी मी रोज त्याच वेळेला फोनकडे बघते.

कारण परवा मी तिचे केस पुसून देत होते आणि ती पाठमोरी असतानाच म्हणाली, "तुले सांगतलं त्यायनं. मले काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं, तू खाली गेलती ना. "वर आल्यावर सांगता नसतं आलं?" मी टॉवेल पिळायला घेतला. काल पुन्हा तेच. ती तुमच्या फोटोला हार घालते, पण घालून लगेच वळते, आधीसारखी उभी राहत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही तिला न सांगता मला काही सांगितलंत, हे तिला लागलं आहे. गिझरपेक्षा हे अवघड आहे, बाबा. याला सेल नाहीत, जाळी नाही, कुणाला बोलावून दाखवता येत नाही.

हे मी ऑफिसच्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत लिहीत आहे. कुठे पाठवायचं असतं तर लिहिलं नसतं. घरी जाताना फाडून टाकीन. तुम्ही नळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हे तुम्हाला सांगायला नको. पण आई खाली चहा घ्यायला गेली होती हे खरं आहे, आणि मी एकटी तुमच्याजवळ होते हेही खरं आहे. तुम्ही डोळे उघडलेत, ती बसायची त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलंत, आणि विचारलंत, "ती कुठं गेली?" मी म्हटलं, येते आत्ता. मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, इतकं साधं होतं. आता तिला ते एकच ऐकायचं आहे, आणि त्या जागी मी नळ ठेवून बसले आहे.